गांजा कायदेशीर करावा का? दोन्ही बाजूंची तयारी करणाऱ्या मैत्रिणीला

पत्र: "वादविवाद स्पर्धेच्या अंतिम फेरीचा विषय आहे 'गांजाला कायदेशीर मान्यता द्यावी'. कोणती बाजू मांडायची ते चिठ्ठी काढून ऐन वेळी, पंधरा मिनिटं आधी कळणार आहे. म्हणजे तयारी दोन्हींची. वाचायला बसले की एका ठिकाणी गांजा म्हणजे रामबाण औषध आणि दुसऱ्या ठिकाणी सर्वनाश. विश्वास कशावर ठेवू? आणखी एक. माझा सतरा वर्षांचा भाऊ अधूनमधून गांजा ओढतो, हे मला नुकतंच कळलं. 'कॅनडात कायदेशीर आहे, म्हणजे धोका नसणारच,' असं तो म्हणतो. त्याला काय उत्तर देऊ?"
द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी

प्रिय मैत्रिणी,

तू वाचलेल्या दोन्ही टोकांच्या लेखांत बहुधा एकच चूक असते. कोणता माल, किती तीव्र, विकणारा कोण आणि घेणारा कोण, हे न सांगताच निकाल दिलेला असतो. तुझी सगळी तयारी या चार प्रश्नांवर उभी कर.

आधी ठरव, मान्यता द्यायची म्हणजे नक्की काय करायचं. जगात याचे निरनिराळे प्रकार चालू आहेत आणि त्यांचे परिणामही वेगवेगळे आहेत. पोर्तुगालने जुलै २००१ पासून सर्वच अमली पदार्थांचा स्वतःपुरता साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून वगळलं. मर्यादा दहा दिवसांच्या वापराएवढी. गांजासाठी ती २५ ग्रॅम आहे. या मर्यादेत सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या समितीपुढे जावं लागतं आणि तिथे उपचार, समज किंवा दंड ठरतो. विक्री मात्र तिथे आजही गुन्हाच आहे. दुसरा प्रकार फक्त वैद्यकीय वापराचा. तिसऱ्यात दुकान नाही, पण घरी थोडी झाडं लावायला किंवा सभासदांनी मिळून पिकवायला हरकत नाही. माल्टाने डिसेंबर २०२१ मध्ये आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून हा रस्ता धरला. जर्मनीत प्रौढ माणूस बाहेर २५ ग्रॅमपर्यंत जवळ ठेवू शकतो, घरी तीन झाडं लावू शकतो. क्लबचे सभासद जास्तीत जास्त ५०० आणि जाहिरातीला बंदी. चौथा प्रकार उघड व्यापाराचा. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मतदारांनी २०१२ मध्ये कौल दिला आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. कॅनडाचा कायदा १७ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाला.

उरुग्वे तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराच्या मधे बसतो. डिसेंबर २०१३ मध्ये कायदा करणारा तो पहिला देश. तिथे नाव नोंदवून तीनपैकी एकच मार्ग निवडायचा असतो: घरी सहा झाडं, १५ ते ४५ जणांचा क्लब, नाही तर औषधाच्या दुकानातून महिन्याला जास्तीत जास्त ४० ग्रॅम. पर्यटकांना विक्री नाही. नेदरलँड्सचं उदाहरण तुझ्यासमोर कुणीतरी नक्की टाकेल, तेव्हा त्यातली गोम माहीत असू दे. तिथल्या कॉफी शॉपमध्ये एका गिऱ्हाइकाला पाच ग्रॅमपर्यंतची विक्री चालवून घेतली जाते, पण त्या दुकानाला माल पिकवून पुरवणं बेकायदा राहिलं. समोरच्या दारातून कर भरणारा धंदा आणि मागच्या दारातून गुन्हेगारांचा पुरवठा, अशी विचित्र अवस्था कित्येक दशकं चालली. आता काही शहरांत परवानाधारक शेतकऱ्यांकडून माल घेण्याचा प्रयोग सुरू आहे.

बोलायला उभी राहिलीस की पहिल्या अर्ध्या मिनिटात यांतला एक प्रकार उचल आणि शेवटपर्यंत सोडू नकोस. बहुतेक वक्ते इथेच फसतात. एका वाक्यात पोर्तुगाल, पुढच्या वाक्यात कोलोरॅडो, आणि समोरच्याने "तुम्ही नक्की काय मागताय?" असं विचारलं की गडबड.

अनुकूल बाजू आली तर सर्वांत भक्कम जागा शिक्षेची आहे, औषधाची नाही. खिशात एक पुडी सापडल्यामुळे आयुष्यभराचा पोलीस रेकॉर्ड लागतो; नोकरी, परदेशी शिक्षण, घर भाड्याने मिळणं सगळं अडतं. हे नुकसान पुष्कळदा त्या पुडीने होणाऱ्या नुकसानीहून मोठं असतं. शिवाय शिक्षा सारखी वाटली जात नाही. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेने २०१० च्या आकडेवारीवरून दाखवलं की गांजा बाळगल्याबद्दल काळ्या नागरिकांना अटक होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या ३.७३ पट होतं, आणि वापर मात्र दोघांत जवळपास सारखा. प्रतिपक्ष म्हणेल, मान्यतेनंतरही ही विषमता संपली नाही. ते खरं आहे, मान्य करून टाक. मग सांग, की एकूण अटकाच कमी झाल्या आणि म्हणून भरडले जाणारे लोकही कमी झाले.

दुसरा मुद्दा मालाच्या शुद्धतेचा. चोरट्या बाजारात पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना गंभीर इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. प्रमुख कारण निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट: टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं, तेल दाट दिसावं म्हणून मुख्यतः अनधिकृत कार्ट्रिजमध्ये ते मिसळलं जात होतं. परवाना असलेल्या मालाची कीटकनाशक, बुरशी आणि जड धातूंसाठी तपासणी होते आणि पाकिटावर टीएचसी किती ते छापावं लागतं. बंदीखाली असं काहीच करता येत नाही.

औषधी उपयोगाचा मुद्दा वापर, पण मापात. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान संस्थांच्या २०१७ च्या अहवालात ठोस पुरावा तीन ठिकाणी आढळला: प्रौढांमधलं जुनाट दुखणं, केमोथेरपीमुळे होणारी मळमळ-उलटी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात रुग्णाला जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा. एपिडायोलेक्स हे सीबीडीचं, म्हणजे गांजातल्याच पण नशा न आणणाऱ्या घटकाचं, औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही लहानपणी सुरू होणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्मिळ प्रकारांसाठी. "गांजाने कॅन्सर बरा होतो" असं चुकूनही म्हणू नकोस. आणि हेही लक्षात ठेव, की मॉर्फिनसुद्धा औषध आहे, म्हणून ते कुणी हौसेसाठी दुकानात ठेवत नाही. हा टोला समोरून येणारच. औषधाच्या मुद्द्यावरून फार तर दुसऱ्या प्रकारची मान्यता सिद्ध होते.

कराच्या उत्पन्नाचा मुद्दा लोकप्रिय आहे, पण आतून पोकळ निघू शकतो. कर जास्त लावला तर काळा बाजार स्वस्त राहतो आणि जगतो. कमी लावला तर वापर वाढतो. वॉशिंग्टन राज्यात ३७ टक्के अबकारी कर आहे. कॅनडात सुक्या गांजावर ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यांतलं जे जास्त ते लागतं. वजनावर कर लावला की १० टक्के टीएचसीच्या ग्रॅमला आणि २५ टक्केवाल्या ग्रॅमलाही तेवढाच कर, म्हणजे तीव्र मालाला बक्षीसच. कॅनडाने अर्क आणि खाद्यपदार्थांसाठी मिलिग्रॅम टीएचसीवर कर लावून ही चूक तेवढ्यापुरती टाळली. अनुकूल बाजूने बोलताना कर टीएचसीच्या प्रमाणावर लावा अशी मागणी केलीस तर तुझी बाजू जबाबदार वाटेल.

आता प्रतिकूल बाजू. इथे पहिलीच सूचना: वापरणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचं समर्थन करू नकोस, तिथेच हरशील. "वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका, पण बाजारही उघडू नका" ही भूमिका घे. पोर्तुगाल तुझ्या बाजूला येतं आणि अनुकूल पक्षाच्या हातातलं सर्वांत चांगलं शस्त्र गळून पडतं.

मग व्यापारावर बोल. कोलोरॅडोत दुकानं उघडली त्याच वर्षी, २०१४ मध्ये, झालेल्या बाजार-अभ्यासात दिसलं की सर्वांत जास्त वापरणारे सुमारे २२ टक्के लोकच सुमारे ६७ टक्के माल संपवतात. म्हणजे धंद्याचा नफा कधीतरी मौजेखातर ओढणाऱ्यावर चालत नाही, रोज ओढणाऱ्यावर चालतो. ज्याला आपण व्यसनी म्हणतो तोच दुकानदाराचा हक्काचा गिऱ्हाईक. अशा धंद्याला जाहिरातीची आणि सत्ताधाऱ्यांचे कान भरण्याची मोकळीक दिली की काय होतं, ते तंबाखूने दाखवून दिलं आहे. आमच्या मते या वादातला सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच.

याला जोडून तीव्रता. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते सुमारे १२ टक्के झालं. अर्कांत ते ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जातं. "पूर्वीपासून लोक ओढत आलेत, काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: पूर्वीचा माल हा नव्हता. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांमध्ये मनोविकृतीची, म्हणजे सायकोसिसची, शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट दिसली. रोज आणि तीव्र माल ओढणाऱ्यांमध्ये जवळजवळ पाचपट. हा आकडा वापरताना प्रामाणिक राहा. सायकोसिस मुळात दुर्मिळ आहे, त्यामुळे पाचपट होऊनही बहुतेकांना तो होत नाही. शिवाय आनुवंशिकता आणि आधीपासूनचा त्रास यांचाही वाटा असतो. हे स्वतःहून सांगितलंस तर तुझा आकडा कुणी खोडू शकत नाही.

व्यसनाचं प्रमाण नेहमी उलटसुलट सांगितलं जातं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत, आयुष्यात कधीतरी गांजा घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के त्याच्या आहारी गेल्याचं दिसलं. तंबाखूत ते ३२ टक्के, दारूत १५ टक्के. अनुकूल पक्ष हे ९ टक्के दाखवतो. ही पाहणी सौम्य मालाच्या काळातली आहे आणि किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत प्रमाण साधारण सहात एक एवढं चढतं, ही दोन उत्तरं तयार ठेव.

खाण्याच्या पदार्थांवर वेळ दे, कारण इथे गोष्टी कशा बिघडतात ते सरळ समजावता येतं. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला पोटातून आणि यकृतातून जातो. परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त टिकतो. तासाभरात काहीच वाटलं नाही म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. भीतीचा झटका, धडधड, उलट्या, आणि रवानगी दवाखान्यात. कोलोरॅडोने एका वेळच्या मात्रेला १० मिलिग्रॅम आणि पूर्ण पाकिटाला १०० मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा ठेवली. कॅनडाने पूर्ण पाकिटालाच १० मिलिग्रॅमची ठेवली, आणि तरीही हे पदार्थ बाजारात आल्यावर ओंटारियोत लहान मुलांनी खाऊ समजून खाल्ल्याच्या विषबाधा वाढल्या.

थायलंडही प्रतिकूल बाजूच्या कामाचं आहे. जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीचे नियम करणारा सर्वंकष कायदा आधी तयार नव्हता. हजारो दुकानं उघडली. जून २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला पुन्हा बंदी आली. नियमांच्या आधी दुकान उघडलं की असं होतं. अर्थात अनुकूल बाजू आली तर हेच उदाहरण "म्हणून आधी नियम करा" असं फिरवता येतं.

दोन्ही बाजूंनी टाळायच्या काही जागा आहेत. "गांजामुळे पुढच्या नशांकडे वळतात" हे विधान जपून कर. हेरॉइन घेणाऱ्या बऱ्याच जणांनी आधी गांजा घेतलेला असतो, पण गांजा घेणारे बहुतेक लोक हेरॉइनकडे जात नाहीत. "मान्यता दिली की शाळकरी मुलं बिघडतात" यालाही कोलोरॅडोच्या शालेय सर्वेक्षणांतून आधार मिळालेला नाही. स्पष्ट वाढ दिसली ती प्रौढांच्या वापरात. "संयुक्त राष्ट्रांनी गांजाला मान्यता दिली" हे तर साफ चूक आहे. डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या, सर्वांत कडक अनुसूचीतून तो काढला, पण पहिल्या अनुसूचीत तो तसाच आहे.

सर्वांत मोठा सापळा वेदनाशामकांच्या अभ्यासाचा. २०१४ च्या एका अभ्यासात, वैद्यकीय गांजाला परवानगी असलेल्या अमेरिकी राज्यांत अफूजन्य वेदनाशामकांमुळे होणारे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसले होते. तो १९९९ ते २०१० या काळाचा होता. २०१९ मध्ये तीच पद्धत वापरून आकडे २०१७ पर्यंत नेले, तर संबंध उलटा झाला: मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी जास्त. याचा अर्थ गांजाने मृत्यू वाढवले असाही होत नाही. राज्याच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच त्यातून कळतं. समोरच्याने पहिला अभ्यास टाकला की दुसरा शांतपणे पुढे कर.

वाहन चालवण्याचा प्रश्न दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. दारूचं रक्तातलं प्रमाण आणि झिंग यांचा बऱ्यापैकी मेळ बसतो, गांजाचा बसत नाही. टीएचसी चरबीत साठतं. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात ते काही दिवसांनीही सापडतं, तर कधीतरी ओढणाऱ्याची पातळी अजून हात-डोळा नीट चालत नसतानाच मर्यादेखाली जाते. वॉशिंग्टनने रक्ताच्या मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठेवली, जर्मनीने रक्तद्रवात ३.५. दोन्ही आकडे तडजोडीचे आहेत आणि परीक्षकांनी विचारलं तर तसंच सांग.

कागद एकच ठेव. प्रत्येक तथ्यापुढे देश, वर्ष आणि मान्यतेचा प्रकार लिही, आणि त्याच ओळीत त्यावर समोरून येणारं उत्तर. पंधरा मिनिटांत नवीन काही शोधू नकोस. तीन मुद्दे निवड, बाकीचे प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेव. आमचं मत विचारशील तर: ओढणाऱ्याला तुरुंगात घालणं चूक आहे आणि नफ्यासाठी खप वाढवणाऱ्या कंपनीच्या हाती हा धंदा देणंही चूक आहे. जाहिरातबंदी, टीएचसीची कमाल मर्यादा आणि नफ्याशिवाय चालणारे छोटे क्लब, इथपर्यंत आम्ही जाऊ. पण परीक्षकांसमोर तुझं मत मांड, आमचं नको.

आता भावाबद्दल, आणि हे स्पर्धेहून महत्त्वाचं आहे.

त्याला कॅनडाचा कायदाच वाचायला दे. अल्बर्टा प्रांतात वयाची अट १८ आहे, क्वेबेक प्रांताने ती जानेवारी २०२० पासून २१ केली, बाकी सगळीकडे १९. सतरा वर्षांच्या मुलाला तिथे कुठल्याही दुकानात गांजा मिळत नाही, आणि अल्पवयीन मुलाला विकणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाकिटावर धोक्याची सूचना सरकारच छापायला लावते. कॅनडाने कायदा केला तो धोका नाही म्हणून नव्हे. धोका आहे आणि बंदीने तो आवरत नाही, म्हणून. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते. लक्ष, स्मरण आणि निर्णय या गोष्टी घडत असतानाच टीएचसी तिथे ढवळाढवळ करतं, म्हणून वयाची अट.

बोलायला वेळ निवड तेव्हा तो शुद्धीत असावा, घरात भांडण झालेलं नसावं आणि तुम्ही दोघंच असावं. आरोप न करता चार गोष्टी विचार: आठवड्यात किती दिवस, दिवसाच्या कुठल्या वेळी, एकट्याने की मित्रांबरोबर, आणि नक्की काय, सुका गांजा, व्हेप की खायचा पदार्थ. महिन्यात एकदा मित्रांबरोबर आणि रोज रात्री एकट्याने झोप यावी म्हणून, यांत फार अंतर आहे. तंबाखू मिसळून ओढतो का तेही विचार. अनेकांना निकोटिनचं व्यसन तिथूनच लागतं. जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तसा आजार असेल तर त्याला स्पष्ट सांग, की त्याच्यासाठी हा धोका इतरांपेक्षा मोठा आहे. आणि जिथे बंदी आहे तिथे मित्रासाठी पुडी नेऊन देणं, पैसे न घेताही, कायद्याच्या नजरेत पुरवठा ठरू शकतं. मुलांना हे माहीतच नसतं.

नियमित ओढत असेल आणि थांबला, तर एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप न लागणं, भूक मंदावणं, विचित्र स्वप्नं सुरू होतात. पहिल्या आठवड्यात हे सर्वांत जास्त असतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. झोप कधीकधी जास्त वेळ घेते. या दिवसांत मुलांना वाटतं, "बघ, गांजाशिवाय मला बरंच वाटत नाही," आणि ती परत सुरू करतात. हे आधीच सांगून ठेवलंस तर तो टिकण्याची शक्यता वाढते. आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त वापर असेल तर हे तुझ्या एकटीने पेलायचं काम नाही. घरातल्या ज्या मोठ्या माणसावर त्याचा विश्वास आहे त्यांना सांग, पण तसं करणार आहेस हे आधी त्याला सांगून. या व्यसनासाठी मंजूर झालेलं औषध नाही. समुपदेशनाचा, विशेषतः विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचाराचा, उपयोग होतो.

पुढचं काही दिसलं तर मात्र वाट पाहू नका. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं, सगळे आपल्याविरुद्ध आहेत असा पक्का संशय, दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही, छातीत दुखणं, जीव नकोसा झाल्याची भाषा: त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जुन्या, रोजच्या वापरात वारंवार उलट्या होऊन गरम पाण्याच्या आंघोळीनेच बरं वाटत असेल तर तीही गांजाचीच खूण असू शकते, पोटाची औषधं बदलत बसू नका. डॉक्टरांना काय, किती आणि शेवटचं कधी घेतलं ते त्याने खरं सांगायला हवं. एकट्याने सांगणं सोपं जाणार असेल तर तू बाहेर थांब.